बा, हरिलाल आणि एक संत्रं

पुण्यात नगर रस्त्याने जाताना आगाखान पॅलेस तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल. निदान बसच्या खिडकीतून तरी. शाळेच्या सहलीत आत गेला असाल तर मागच्या बाजूच्या दोन समाध्याही आठवत असतील. एक महादेवभाई देसाईंची आणि दुसरी कस्तुरबा गांधींची. मी पहिल्यांदा तिथे गेले ती कॉलेजच्या असाइनमेंटसाठी. 'छोडो भारत' चळवळीवर लिहायचं होतं. तारखा टिपून घेतल्या, फोटो काढले आणि निघाले.

नंतर कस्तुरबांबद्दल वाचायला घेतलं आणि एका गोष्टीपाशी अडकले. याच वाड्यात, फेब्रुवारी १९४४ मध्ये, अखेरच्या दिवसांत एक आई आपल्या मोठ्या मुलाची वाट बघत होती. मुलगा एकदा येऊन भेटून गेला. पुन्हा आला तेव्हा तो दारू प्यालेला होता.

ही आई म्हणजे कस्तुरबा. सगळ्या देशाच्या 'बा'. मुलगा हरिलाल, महात्मा गांधींचा थोरला.

कस्तुरबांचं नाव आपल्याला पाठ असतं. रस्त्याला असतं, शाळेला असतं, दवाखान्याला असतं. पण जवळजवळ तीस वर्षं त्यांनी घरात एका व्यसनी मुलाचं दुःख सोसलं, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आज सांगते. कारण तुमच्यापैकी काहींच्या घरात, शेजारी किंवा हॉस्टेलच्या बाजूच्या खोलीत हीच गोष्ट आत्ता चालू असेल. आणि हो, इथे हरिलालला एकेरी म्हणतेय. त्याच्याबद्दल अनादर नाही, पण आईच्या बाजूने सांगताना दुसरं काही तोंडात येत नाही.

पोरबंदरची कस्तूर

कस्तूर कपाडियांचा जन्म १८६९चा, गुजरातेतल्या पोरबंदरचा. वडील व्यापारी, घर खात्यापित्या सुखवस्तू माणसांचं. त्या काळात मुलींना शाळेत घालायची पद्धत नव्हती, त्यामुळे अक्षरओळख झाली नाही. तेराव्या वर्षी लग्न झालं. नवराही तेव्हा तेराच वर्षांचा, मोहनदास. म्हणजे आपल्या आठवीतल्या पोरांएवढं वय, दोघांचंही.

पहिलं बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. कस्तूर तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्यानंतर १८८८ मध्ये हरिलाल झाला. पहिलं मूल गमावलेल्या आईसाठी तो काय असेल, ते वेगळं सांगायला नको. तो तान्हा असतानाच मोहनदास बॅरिस्टर व्हायला इंग्लंडला गेले, ते परतले १८९१ मध्ये. थोडा काळ घरात राहिले आणि १८९३ मध्ये पुन्हा दक्षिण आफ्रिकेला. म्हणजे हरिलालची पहिली वर्षं वडिलांविना गेली. राजकोटच्या एकत्र कुटुंबात त्याला वाढवलं ते आईने. १८९२ मध्ये मणिलाल झाला, पुढे रामदास आणि देवदास. चार मुलगे. पण बाप नसताना ज्याच्यासोबत दिवस काढले, तो थोरला. पुढे काहीही झालं तरी बांचा जीव त्याच्यात का अडकून राहायचा, याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

शाळा राहून गेली

१८९६च्या अखेरीस गांधीजी बायकामुलांना घेऊन डर्बनला निघाले. तिथे मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आला. गोऱ्यांच्या शाळेत हिंदी मुलांना प्रवेश नव्हता. गांधीजींच्या मुलांना अपवाद म्हणून घेतलं असतं, पण जे बाकीच्या हिंदी मुलांना मिळत नाही ते आपल्या मुलांना नको, अशी त्यांची भूमिका. तत्त्व म्हणून विचार केला तर मोठीच गोष्ट. पण शाळेत जायचं वय असलेल्या मुलाला त्यातून काय मिळालं? घरी, वडिलांना वेळ होईल तसं थोडंफार शिक्षण.

बा या सगळ्याला मान डोलावत होत्या, असं समजू नका. १९०१ मध्ये आफ्रिका सोडताना लोकांनी भेटी दिल्या, त्यात बांसाठी सोन्याचा हार होता. गांधीजींनी सगळ्या भेटी सार्वजनिक कामासाठी द्यायचं ठरवलं. बा भांडल्या. उद्या सुना येतील, त्यांना काय घालू, हा त्यांचा साधा प्रश्न होता. शेवटी हार गेलाच. पण गांधीजींनी स्वतःच्या आत्मकथेत हे भांडण लपवलेलं नाही. घरातल्या माणसांची बाजू घेऊन बोलणारं त्या घरात कोणी होतं, तर त्या बाच.

हरिलालच्या मनात शिक्षणाची सल राहिली. १९०६ मध्ये त्याचं लग्न राजकोटच्या वकिलाच्या मुलीशी, गुलाबशी झालं. वडिलांना हे लग्न इतक्या लवकर नको होतं. पुढे तो दक्षिण आफ्रिकेत गेला आणि सत्याग्रहात उतरला. ही गोष्ट आपण विसरतो, म्हणून मुद्दाम सांगते. तो सहा वेळा तुरुंगात गेला. लोक त्याला कौतुकाने 'छोटे गांधी' म्हणायचे. म्हणजे हा मुलगा सुरुवातीपासून 'वाया गेलेला' नव्हता. धाडसी होता, सोसायची ताकद होती.

पण इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी एक शिष्यवृत्ती आली, तेव्हा वडिलांनी ती आपल्या मुलाला न देता नात्यातल्याच दुसऱ्या तरुणाला, छगनलालला दिली. हरिलालला ते लागलं. १९११ मध्ये तो वडिलांपासून वेगळा होऊन भारतात आला. इथे मॅट्रिकला बसला, नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा तेच. वयाने मोठा, बायकामुलं असलेला माणूस लहान पोरांच्या वर्गात. तुमची एटीकेटी राहिली तर घरी कसं वाटतं, आठवून बघा. त्याच्या दसपट समजा.

इकडे आफ्रिकेत बा स्वतः सत्याग्रही झाल्या होत्या. तिथल्या एका न्यायालयाच्या निकालामुळे हिंदी लोकांची लग्नं कायद्याच्या नजरेत बेकायदा ठरायची वेळ आली, तेव्हा १९१३ मध्ये त्या तुरुंगात गेल्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून बाहेर आल्या त्या अगदी अशक्त होऊन. लाजाळू, न शिकलेली बाई अशी त्यांची ओळख असेल, तर ती पुसून टाका.

१९१८

१९१५ मध्ये गांधी कुटुंब भारतात परतलं. अहमदाबादला आश्रम सुरू झाला. हरिलाल त्यात राहिला नाही. त्याने वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिलं. आपलं शिक्षण, आपल्या इच्छा यांना घरात कधी किंमत मिळाली नाही, अशी त्यातली तक्रार होती. ते पत्र त्याने छापून माहितीच्या लोकांमध्ये वाटलं. घरातलं भांडण दाराबाहेर पडलं.

बांची अवस्था काय असेल? नवरा म्हणतो ते तत्त्वाने बरोबर, मुलगा म्हणतो ते दुःखाने खरं. मध्ये आई.

मग १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ आली. करोना आपण बघितलाय, त्यामुळे याची कल्पना आपल्याला मागच्या पिढ्यांपेक्षा जास्त येईल. त्या साथीत गुलाब गेली. एक लहान मुलगाही गेला. हरिलाल तिशीत विधुर झाला, पदरात चार मुलं. आधीच विस्कटलेला होता, आता पार कोसळला. धंदे केले, बुडाले. कर्ज वाढलं. दारूही वाढली.

बांनी काय केलं? त्यांनी नातवंडं जवळ घेतली. गुलाबच्या बहिणीने आणि बांनी मिळून त्या मुलांचं बघितलं. वरवर साधी वाटते ही गोष्ट. पण व्यसन घरात आलं की सगळ्यांचं लक्ष त्या एका माणसावर जातं. तो आला का, किती प्यायला, पैसे कुठून आणले. मुलं मात्र कोपऱ्यात बसून सगळं बघत असतात आणि त्यांना कोणी विचारत नाही. बांनी त्यांना विचारलं. नातू कांती पुढे डॉक्टर झाला. दुसरा नातू रसिक १९२९ मध्ये दिल्लीत आजारी पडून सतराव्या वर्षी गेला, तो घाव बांना सोसावा लागला.

आईचं घर, देशाची आई

१९२५ मध्ये गांधीजींनी आपल्या साप्ताहिकात उघड लिहिलं, की मुलाच्या धंद्याशी आपला संबंध नाही. लोक 'गांधी' या नावावर विश्वास ठेवून पैसे गुंतवत होते, त्यामुळे हे सांगणं गरजेचं होतं. मुलाच्या कर्जावर पांघरूण घालायचं नाही, हे त्यांनी केलं ते आजचे समुपदेशकही योग्यच म्हणतील. पण देशासमोर बापाने हात झटकल्यावर मुलाला परतायला दार कुठलं उरलं? ते दार बा होत्या.

आता यातली विचित्र कोंडी बघा. १९३०च्या चळवळीत गांधीजींनी दारूच्या दुकानांपुढे निदर्शनं करायचं काम खास स्त्रियांकडे सोपवलं. बाही त्या कामात होत्या. लोकांना दारू सोडायला सांगायचं, आणि त्याच वेळी सगळ्या देशाला माहीत, की यांचा स्वतःचा मुलगा पितो. आपल्याकडे कुणाच्या घरात असं झालं की आई आधी लग्नकार्याला जाणं सोडते. लोक विचारतील म्हणून. बांना अशी कुठे लपायची सोयच नव्हती.

गांधीजींनी आत्मकथेत मुलाच्या वागण्याचा काही दोष स्वतःच्या तरुणपणीच्या वागण्याकडे घेतला आहे. व्यसनी मुलाच्या प्रत्येक घरात हेच होतं. आपलं काय चुकलं? लाड जास्त झाले की मार जास्त झाला? रात्र-रात्र हेच चालतं. प्रश्न खरा असतो, पण त्याच्यात अडकून पडलं की पुढचा प्रश्न राहून जातो. आता काय करायचं, हा.

१९३४-३५च्या सुमारास एकदा चांगलं झालं. हरिलालने वडिलांना पत्रं लिहिली, सुधारायचं म्हटलं. गांधीजी हरखले. त्यांची त्या काळातली पत्रं बघितली तर हा माणूस इतका आशावादी बाप होता, हे कळतं. वर्ध्याला भेट झाली, पुढे राजकोटला नातेवाइकांच्या देखरेखीखाली राहायची सोय झाली. काही महिने बरे गेले. आणि मग पुन्हा दारू.

ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांना हा 'पुन्हा' माहीत आहे. आता सुटलं असं वाटून आई देवाला नारळ फोडून येते, आणि दोन महिन्यांनी तोच वास. पहिल्यापेक्षा हा दुसऱ्यांदाचा घाव खोल असतो. घरचे म्हणतात, याने फसवलं. त्या काळात सगळ्यांना तसंच वाटत होतं. व्यसन म्हणजे वाईट चाल, कमकुवत मन, शपथ मोडणं. वडिलांचा उपायही तोच होता. निश्चय कर, शिस्त पाळ, प्रार्थना कर. स्वतःच्या निश्चयावर ज्याने एवढं आयुष्य उभं केलं, त्याला दुसऱ्याचा निश्चय का टिकत नाही हे समजणं अवघडच होतं.

बांचं पत्र

१९३६ मध्ये हरिलालने धर्म बदलला, आणि काही महिन्यांत तो परतही आला. त्यावर देशभर उलटसुलट चर्चा झाली. बांना त्यापेक्षा वेगळी काळजी होती. मद्रासला तो प्यालेल्या अवस्थेत पोलिसांना सापडल्याची बातमी छापून आली. तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या बांच्या नावाने मुलाला लिहिलेलं एक उघड पत्र प्रसिद्ध झालं.

पत्राचा आशय सांगते. आईवडिलांच्या म्हातारपणी तू आम्हाला काय दुःख देतोस, याचा विचार कर. रोज सकाळी पेपरात तुझ्याबद्दल काय वाचावं लागेल याची धास्ती वाटते. तुझे वडील तुला माफ करतात, पण मला हे सोसवत नाही. आणि एवढं सगळं म्हणून झाल्यावरही मुलाला टाकून दिल्याची भाषा नाही. त्याच्या मित्रांनाही त्यांनी सुनावलं, की तुम्ही त्याच्या या अवस्थेला हातभार लावताय.

यात बांनी दोन गोष्टी एकत्र केल्या. जे होतंय ते लपवलं नाही. आणि तू आमचा नाहीस, असंही म्हटलं नाही. बहुतेक घरांत यातली एकच गोष्ट होते. एक तर सगळं झाकतात. ऑफिसला फोन करून ताप आलाय सांगतात, उधारी गुपचूप फेडतात. नाही तर एके दिवशी कपड्यांची बॅग दाराबाहेर ठेवतात.

कटनी स्टेशनवर

आता ती संत्र्याची गोष्ट. बांच्या आठवणींमध्ये ती नेहमी सांगितली जाते.

बा आणि गांधीजी रेल्वेने चालले होते. कटनी स्टेशनवर गाडी थांबली. नेहमीप्रमाणे गर्दी, गांधीजींच्या नावाचा जयजयकार. त्यात एक आवाज वेगळा आला. तो कस्तुरबांचा जयजयकार करत होता. बांनी डोकावून बघितलं, तर हरिलाल. कपडे फाटके, तब्येत खालावलेली, दात पडलेले. त्याने खिशातून एक संत्रं काढलं आणि आईच्या हातात दिलं. वडिलांनी विचारलं, माझ्यासाठी काही नाही का? तो म्हणाला नाही, हे फक्त बांसाठी आहे. तुमचा एवढा मोठेपणा आहे तो बांमुळे, हेही त्याने वडिलांना ऐकवलं. संत्रं त्यांनी स्वतःच खायचं, अशी त्याची अट.

बांनी त्याला सोबत चल म्हटलं. तो म्हणाला, आता मी त्याच्या पलीकडे गेलोय. गाडी हलली. तेव्हा बांच्या लक्षात आलं, की पोराला काही खायला दिलंच नाही. त्यांनी टोपलीतली फळं उचलून खिडकीतून पुढे केली, पण तोवर गाडी पुढे गेली होती. मागे तोच जयजयकार ऐकू येत राहिला.

ही गोष्ट वाचल्यावर मी पुस्तक थोडा वेळ बंद करून ठेवलं. नशेत बुडालेल्या माणसाला प्रेम कळत नाही असं आपण सर्रास म्हणतो. त्याला कळत होतं. आईवर त्याची माया होती, आईची त्याच्यावर होती. तरीही दारू सुटत नव्हती. 'माझ्यावर प्रेम असतं तर सोडली असती' हे वाक्य आपण किती सिनेमांत ऐकलंय! ते खरं नाही. प्रेम असूनही सुटत नाही, म्हणूनच त्याला व्यसन म्हणतात.

शेवटची भेट

ऑगस्ट १९४२ मध्ये अटक होऊन बा आगाखान पॅलेसमध्ये आल्या. आठवड्याभरातच, १५ ऑगस्टला, महादेवभाई गेले. बांना ते मुलासारखे होते. बांचं हृदय आधीच कमजोर झालं होतं. १९४४च्या सुरुवातीला तब्येत फार बिघडली आणि मुलांना भेटायची परवानगी मिळाली. बा हरिलालची आठवण काढत होत्या. त्याला शोधून आणलं. तो आला, आईला भेटला, बांना बरं वाटलं.

पुन्हा आणला तेव्हा तो शुद्धीत नव्हता. बघून बांनी कपाळ बडवून घेतलं. त्याला तिथून बाहेर न्यावं लागलं. त्यानंतर दोनेक दिवसांनी, २२ फेब्रुवारी १९४४ला, महाशिवरात्रीच्या संध्याकाळी बा गेल्या. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. धाकट्या देवदासने अग्नी दिला.

हरिलाल पुढे चार वर्षं जगला. ३० जानेवारी १९४८ला वडिलांची हत्या झाली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत, शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात तो गेला. वय साठीलाही पोचलं नव्हतं.

बांकडे काय नव्हतं?

तुम्ही म्हणाल, मग ही गोष्ट सांगितली कशाला? इतकं करून मुलगा सुटला नाहीच.

म्हणूनच सांगितली. एका मुलासाठी आई जे करू शकते ते बांनी केलं. तरी ते पुरलं नाही, कारण हे एकट्या आईचं काम नव्हतंच. हरिलाल वडिलांच्या देखरेखीत सुधारू बघत होता, त्याच १९३५ साली अमेरिकेत दोन दारुडे एकमेकांना सावरत होते. त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ निघाली. व्यसनी माणसाच्या घरच्यांनाही आधार लागतो, हे ओळखून अल-अॅनॉन सुरू झालं ते १९५१ मध्ये. बा जाऊन सात वर्षं झाली होती. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने जाहीर केलं ते त्याहून नंतर, १९५६ला.

आणि आपल्याकडे? आगाखान पॅलेसपासून फार लांब नाही, येरवड्यातच, १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे पेशंटला जितका वेळ देतात, तितकाच घरच्यांकडेही लक्ष देतात. जिथे एक आई कपाळ बडवून घेत होती, त्याच भागात चाळीसेक वर्षांनी तशा आयांना बसवून ऐकून घेणारं कोणी आलं.

आज आपल्याला जे माहीत आहे आणि बांना माहीत असायची सोय नव्हती, ते थोडक्यात सांगते.

खूप दिवस रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करणं धोक्याचं ठरू शकतं. फिट येणं, भ्रम होणं असे त्रास होऊ शकतात. म्हणून 'आजपासून बंद' अशी शपथ घालण्याआधी डॉक्टर गाठा. शरीरातून नशा उतरायला काही दिवस लागतात, मनातून उतरायला महिने, कधी वर्षं. मध्ये पुन्हा घसरण झाली तर ती उपचारातली अडचण समजायची. मधुमेहाच्या पेशंटची साखर वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही, डॉक्टरकडे नेतो. तसंच.

घरच्यांनी उधारी फेडू नये, खोटी कारणं देऊ नयेत. पण ताटावर बसवून घ्यावं. बोलायचं ते शुद्धीत असताना, नशेत असताना वाद घालू नये. आईवडिलांनी आपापसांत एक ठरवून एकच बोलावं. एक जण रागावणार आणि दुसरा गुपचूप पैसे देणार, असं झालं की सगळं फसतं. आणि घरातल्या लहान भावंडांना कोणी तरी जवळ घ्यावं, बांनी नातवंडांना घेतलं तसं.

आता तुमच्यापुरतं. तुमचा भाऊ, बहीण, रूममेट यात अडकला असेल, तर त्याला सुधारायचं सगळं ओझं एकट्याने उचलू नका. ते तुमच्याने होणार नाही आणि त्यात तुमचा दोषही नाही. त्याचं गुपित म्हणून वर्ष-वर्ष सांभाळू नका, भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी टोल-फ्री नंबर आहेत. घरच्यांनीही फोन केला तर चालतो, पेशंटनेच करायला हवा असं नाही. आणि तुम्ही स्वतःच यात अडकला असाल, तर एवढंच सांगते. कटनी स्टेशनवर हरिलालला वाटलं होतं, की आता आपण पलीकडे गेलो. त्याच्या वेळी परत आणणारं फारसं कोणी नव्हतं. तुमच्या वेळी आहे.

पुढच्या वेळी आगाखान पॅलेसमध्ये गेलात, तर समाधीपाशी दोन मिनिटं जास्त थांबा. मीही पुन्हा जाऊन आले. या वेळी फोटो नाही काढले. परत येताना नगर रस्त्यावर एका गाडीवर संत्री दिसली. किलोभर घेतली आणि घरी आईच्या हातात दिली. आज काय विशेष, तिने विचारलं. मग बसून तिला ही सगळी गोष्ट सांगितली.